सुभेदारांची उलटतपासणी

कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं, नदीवरून येणारी झुळूकही थांबली, तरी पलीकडच्या करंजावर बसलेले कावळे नुसते माना वाकड्या करून आमच्याकडे बघत होते. पानावर भाताचा पिंड होता, शेजारी भजी, ठेचा, चतकोर भाकरी आणि कपभर चहा. बाबांच्या पलटणीतल्या म्हाताऱ्या सोबत्यांनी सगळ्यांची नजर चुकवून बाटलीच्या बुचात थोडी कँटीनची रमही ठेवली होती. भटजींनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांना दुपारी शेजारच्या गावात आणखी एक दहावा होता, त्यामुळे त्यांचा जीव घड्याळात अडकला होता.

अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं, ते ओळखून एकेकाने पुढे व्हायचं आणि हात जोडून शब्द द्यायचा. माझा धाकटा भाऊ उदय फौजेतून रजेवर आला होता. ओलं धोतर नेसून, डोकं भादरून तोच आधी पुढे झाला. आईला अंतर देणार नाही, असं म्हणाला. कावळ्यांनी फांदी बदलली. मग आमचे चुलते आबा काठी टेकत उठले. "सर्जा, बांधाचं मिटलं म्हणून समज," ते म्हणाले. त्या बांधापायी मी स्वतः कोरेगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेतल्या होत्या. जिवंतपणी भावाला हातभर जमीन न सोडणारा माणूस कावळ्यासमोर सगळा बांध सोडून मोकळा झाला. कावळ्याला त्याचंही काही वाटलं नाही.

शेवटी सरपंच उठले. "सुभेदार, पाणपोई गाव चालवील. माझी जबाबदारी."

आता शिवणारच, असं सगळ्यांना वाटलं. कारण बाबांचा खरा जीव त्या पाणपोईत होता. पेन्शनीत आल्यापासून एसटी थांब्यावर त्यांनी रांजण मांडले होते आणि ते रोज सकाळी स्वतः भरत. ताप असो, पाऊस असो, खंड नाही. कुणी पाण्याचा तांब्या मागितला आणि बाबा घरात नसले, तर ती व्यक्ती तहानलेली गेली की काय या विचाराने ते संध्याकाळभर अस्वस्थ असत. गाव म्हणे, सुभेदारांनी पुण्य जोडलं. ते ऐकलं की बाबा उठून रांजणांकडे जात. पण सरपंचांचा शब्दही वाया गेला. करंज हलला नाही.

मला मात्र ठाऊक होतं काय राहिलं होतं ते. बाबांची एक साक्ष राहिली होती. ती पुरी करून देणं ना भावाच्या हातात होतं, ना सरपंचाच्या, ना माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाच्या.

बाबा त्या देशाचं नाव घेत नसत. 'तिकडं' म्हणत. निळं हेल्मेट घालून शांतता राखायला त्यांची पलटण आफ्रिकेतल्या ज्या देशात गेली होती, ते हे 'तिकडं'. तेव्हा मी कॉलेजात होते. परत आल्यावर त्यांनी फोटो दाखवले, आईला लाकडी जिराफ दिला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या विषयावर तोंड उघडलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. परत आलेल्याला जेवायला वाढायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, अशी इथली रीतच आहे.

मग एका हिवाळ्यात ग्रेस आली. युरोपातल्या त्या मोठ्या फौजदारी कोर्टाची ती तपास अधिकारी, स्वतः घानाची. उंच, पायांनी अधू झाल्यासारखी सावकाश चालणारी, डोळ्यांत झोप साठलेली बाई. आईने तिच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला, आता ही पाणी पाणी करणार म्हणून मी तांब्या जवळ घेऊन बसले, तर तिने आमच्याकडेही मिरची अशीच दगडात वाटतात असं सांगून ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला. आईने तेवढ्यावरच तिला आपली मानली. नंतर पडवीत बसून बाबा बोलले, मी तिला इंग्रजीत सांगत गेले. माझ्याच बापाचं आयुष्य मी असं दुभाषी होऊन पहिल्यांदा ऐकलं.

गोष्ट तशी थोडकी होती. बाबांची चौकी एका गावाबाहेर होती. गावावर हल्ला होणार या भीतीने माणसं निळं निशाण बघून चौकीच्या तारेला येऊन टेकली होती. बायका, पोरं, म्हातारी. दोन दिवस ती तिथे उन्हात बसून होती. मग एक कमांडर ट्रक घेऊन आला.

"लई गोड बोलायचा," बाबा म्हणाले. "मला म्हणला, देश आमचा, माणसं आमची. तुमी पाव्हणं. पाव्हण्यानं घरच्या भांडणात पडू नये. मी वायरलेसवर इचारलं. वरनं हुकूम आला, त्यांचा अंतर्गत मामला हाय, मधी पडू नका. मग त्यानं माणसं ट्रकात भरली. त्यातलं एक बी माघारी आलं न्हाई."

ग्रेसने सांगितलं की हा कमांडर आता त्या देशात मंत्री आहे, कोर्टात त्याच्यावर खटला उभा आहे, आणि त्याचा बचाव एकच आहे, की त्या दिवशी मी तिथे नव्हतोच. ज्या गावकऱ्यांनी त्याला पाहिलं ते एक तर उरले नाहीत किंवा बोलायला तयार नाहीत. तिने विचारलं, सुभेदार, तुम्ही त्याला नक्की ओळखाल?

"माझ्या बाटलीतलं पाणी पिला की तो," बाबा म्हणाले. "तुमी बसलायसा एवढ्यावर हुता. कानाखाली भाजल्याचा डाग हाय त्याच्या. मान मागं टाकून पिला, बाटलीला तोंड न लावता."

ग्रेसने हातातलं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ती ज्या साक्षीदाराला शोधत हिंडत होती, तो आमच्या पडवीत बंडी घालून बसला होता. निघताना बाबांनी माझ्यामार्फत तिला एकच प्रश्न विचारला. समोरचा वकील मला उलटं विचारील का? विचारेल, ती म्हणाली, घाम फोडेल. "मग बरं हाय," बाबा म्हणाले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणून जन्मभर माझ्या धंद्याची चेष्टा करणारा माणूस उलटतपासणीच्या नावाने खूश झालेला पाहून मला हसूच आलं. फौजी खुमखुमी असेल असं मला तेव्हा वाटलं.

पण जाणं एवढं सोपं नव्हतं. नोकरीत असताना जे पाहिलं ते सरकारचं. त्याबद्दल परक्या कोर्टात बोलायचं तर दिल्लीची परवानगी हवी. ती मागितली, आणि परवानगीऐवजी दिल्लीहून कर्नल बेहेरे आले. मूळचे पुण्याचे, वयाने माझ्याएवढे, सरळ माणूस. बाबा त्यांच्यासमोर सावधान उभे राहिले. कर्नलसाहेबांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"सुभेदारसाहेब, तुमच्या शब्दाबद्दल मला तिळमात्र शंका नाही," ते म्हणाले. "पण आपला देश त्या कोर्टाला बांधलेला नाही. आज आपला माणूस साक्षीदार म्हणून गेला, तर उद्या ते आपल्या एखाद्या जवानाला आरोपी म्हणून बोलावतील. तू तिथे बंदूक घेऊन उभा होतास, मग काही केलं का नाहीस, म्हणून. तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? उदय शांतिसेनेच्या पुढच्या तुकडीतून जाणार आहे ना? त्याचा न्याय परक्यांनी केलेला तुम्हाला चालेल?"

मी वकील आहे. समोरच्याच्या मुद्द्यात दम असला की मला तो लगेच कळतो आणि त्याचा मला राग येतो. त्या दिवशी तसाच राग आला. मी विचारलं, "आणि ज्यांना ट्रकात भरलं त्यांचा न्याय कुणी करायचा?"

"त्यांच्या देशाने."

"त्यांच्या देशात तो मंत्री आहे, साहेब."

कर्नलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. तेही खरंच आहे, असं म्हणाले. मग त्यांनी मधला मार्ग सांगितला. बाबांनी दिल्लीला एक लेखी निवेदन द्यायचं, त्यात परिस्थितीचं वर्णन असेल, नावं नसतील, आणि सरकार आपल्या पद्धतीने ते तिकडे पाठवील. साप भी मरे और लाठी भी न टूटे, असं काहीसं ते हिंदीत म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

बाबा हळूच म्हणाले, "पण कागदाला कोण काय इचारणार, साहेब?"

कर्नलसाहेब निघायला उठले. ते गेल्यावर उदयने बाबांना समजावलं. तो कित्येक वर्षं त्या परदेशी तुकडीत नाव लागायची वाट बघत होता, हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण त्याने स्वतःचं नाव काढलंच नाही. "हुकूम आहे, बाबा. हुकूम मानायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत," तो एवढंच म्हणाला.

"व्हय," बाबा म्हणाले, "मीच शिकवलं."

निवेदन गेलं. ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही तो पुरावा कसला, असं आरोपीच्या वकिलाने म्हटलं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. खटला दोन वर्षं रेंगाळला आणि पुराव्याअभावी ढासळला. ग्रेसचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका थकलेला होता की मीच तिची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी बातम्यांत कमांडर दिसला. विमानतळावर हार, ढोल, नाचणाऱ्या बायका. आमच्या देशाने परक्यांपुढे मान तुकवली नाही, असं तो गर्दीला सांगत होता. बोलता बोलता त्याने कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली घेतली.

बाबा माझ्या मोबाइलवर वाकून बघत होते. त्यांनी मला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"बघ," ते म्हणाले. "तसाच पितो. मान मागं टाकून."

त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी ग्रेसला सांगितली नव्हती. तिने विचारली नव्हती म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात, पाणपोईचे रांजण भरून परत येताना, बाबा रस्त्यातच खाली बसले ते उठले नाहीत.

घाटावर भटजींनी आता दर्भाच्या काड्या हातात घेतल्या होत्या. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावायचा, ही सोय शास्त्राने करून ठेवली आहे. भटजी भराभर काड्या पिळत होते, त्यांची बोटं त्यात तरबेज होती. चोच झाली, शेपूट झालं. मी त्या काड्यांच्या कावळ्याकडे बघितलं आणि मला दिल्लीला गेलेला तो बिननावाचा कागद आठवला.

"काका, जरा थांबा," मी म्हटलं. "बाबांची साक्ष व्हायची आहे."

भटजींना काही कळलं नाही. उदयला कळलं. तो नको म्हणून मान हलवील असं मला वाटलं, पण तो नुसता बाजूला सरकला आणि त्याने मला पिंडासमोर जागा करून दिली.

मी चप्पल काढली आणि उभी राहिले. कोर्टात मी रोज लोकांना शपथेवर उभं करते, त्या दिवशी स्वतः उभी राहिले. "मी सुभेदार सर्जेराव फाळके, देवाला स्मरून खरं सांगतो," असं म्हणून बाबांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत, मी सगळं सांगितलं. कमांडरचं पुरं नाव बाबांनी कोर्टासाठी पाठ केलं होतं, ते घेतलं. तारेपाशी बसलेली माणसं, ट्रक, वायरलेस, हुकूम. कायद्याच्या दृष्टीने याची किंमत शून्य होती. मेलेल्या माणसाची ऐकीव गोष्ट, तीही पोरीच्या तोंडून, ऐकणार कोण तर करंजावरचे कावळे आणि उन्हात डोक्यावर उपरणं घेतलेला आमचा गाव. पण कुणी हललं नाही. बाबांचे पलटणीतले सोबती खाली माना घालून ऐकत होते. त्यांतले दोघे त्या चौकीवर होते.

आणि मग मी राहिलेली गोष्ट सांगितली. "ती माणसं दोन दिस तारंशी पाणी मागत हुती. पोरं तारंतनं हात आत घालायची. चौकीचं पाणी चौकीपुरतं, असा हुकूम हुता. म्या दिलं न्हाई. मग कमांडर आला. खांद्यावर साहेबाचे तारे हुते त्याच्या. त्यानं पाणी मागितलं, आन् माझा हात आपसूक बाटलीकडं गेला."

एवढं बोलले आणि मी पिंडासमोर हात जोडले. बायकांच्या घोळक्यात बसलेली माझी आई उठली. दहा दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, अशी ती पिंडाजवळ आली आणि माझ्याकडे न बघता त्या भाताच्या गोळ्याकडे बघून बोलली.

"त्या लेकरांना न्हाई दिलं. मग त्याला का दिलं तुमी?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना उलट प्रश्न केलेला मी कधी ऐकला नव्हता.

"बोला की," ती म्हणाली. "म्या इचारतीया."

ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत असल्यासारखी. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. जेवायला उशीर झालेल्या माणसाची वाट बघताना असायचा तसा होता. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कमांडरला तुरुंगात धाडायचं हे तर होतंच, पण बाबांना त्या कोर्टात जायचं होतं ते कुणीतरी आपल्याला हे विचारावं म्हणून. पंधरा-वीस वर्षं ते या एका प्रश्नाची वाट बघत रांजण भरत होते, आणि आम्ही घरातली माणसं, गावातली माणसं, त्यांना पुण्यवान म्हणत होतो. मला तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून रडू आलं. उदयने आईला धरलं.

"अहो, हे बघा," भटजी एकदम म्हणाले.

पिंड एका बाजूने फुटला होता. भाताची शितं पानाबाहेर सांडली होती आणि बुचातली रम लवंडली होती. करंजावरचे कावळे होते तिथेच बसले होते, त्यांतला एखादा कमी झाला होता की नाही, कुणी मोजलं होतं?

"कुणी बघितला?" आबांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सगळा गाव हजर होता आणि सगळा गाव आईकडे बघत होता. कावळा शिवला असेल तर त्याला एकही साक्षीदार नव्हता. भटजींनी हातातल्या दर्भाच्या कावळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ठरवायचं काम आमच्यावर टाकून मागे सरकले.

"शिवला," उदय म्हणाला. "उठा सगळे."

याला आता बरीच वर्षं झाली. कमांडर म्हातारा होऊन आपल्या घरी, आपल्या माणसांत मेला. ग्रेसने ते काम सोडलं, नाताळात तिचा फोन येतो आणि ती अजून ठेच्याची चौकशी करते. पाणपोई सरपंचांनी वर्षभर चालवली, मग आई चालवू लागली.

बाबा गेले त्याच वर्षाअखेर उदय तुकडीबरोबर गेला. तिकडेच नव्हे, पण तसल्याच एका देशात, तसल्याच एका तारेच्या कुंपणापाशी. परत आला त्या दिवशी सगळं घर दारात जमलं होतं. आईने भाकरतुकडा हातात घेतला होता, पायावर घालायला तांब्या भरून ठेवला होता. उदय उंबऱ्याबाहेर उभा राहिला, वाळून कोळसा झालेला. आईने ओवाळायला हात वर केला आणि तसाच थांबवला. परत आलेल्याला काही न विचारायची आमच्याकडची रीत तिने त्या दिवशी मोडली.

"तिकडं कुणी पाणी मागितलं का रं?" तिने विचारलं.

उदयने पाठीवरचं ओझं खाली ठेवलं.

"मागितलं," तो म्हणाला. "हुकूम नव्हता, आई. दिलं."

आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "ये आत."